चढ-उतारावर आणि वाऱ्यात नेम: कंपाउंड धनुष्य घेऊन डोंगरात जाण्याआधी

मैदानात चाळीस यार्डांवरून सहाही बाण बशीएवढ्या जागेत बसवणारा माणूस डोंगरात जातो आणि पहिलाच बाण वीतभर वर मारतो. धनुष्य तेच, बाण तेच, माणूसही तोच. पायाखालची जमीन तेवढी तिरकी झालेली असते आणि दरीतून वारा येत असतो.

या दोन अडचणी एकाच जातीच्या नाहीत, हे नवख्याने आधी समजून घ्यावं. चढ-उताराची चूक मोजता येते, कागदावर मांडता येते आणि आठवडाभर घाम गाळला की बरीचशी जाते. वारा मात्र मोजून होईपर्यंत बदललेला असतो. म्हणून उतारासाठी हिशेब आणि सराव करायचा, वाऱ्यात बऱ्याच वेळा गप्प थांबायचं.

हा लेख मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत, म्हणजे कोलोराडो, आयडाहो, मोंटाना, यूटा इथे परवाना काढून एल्क किंवा म्यूल डियर या हरणांच्या धनुष्य-हंगामाला जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, ब्रिटनमध्येही धनुष्याने शिकार बेकायदा आहे. तिथल्या वाचकांनी यातलं सगळं फोमच्या टार्गेटवर आणि फील्ड आर्चरीत वापरावं. जागतिक नियमांच्या फील्ड आर्चरीत टार्गेटं मुद्दाम चढ-उतारावर मांडतात, कंपाउंडसाठी ६० मीटरपर्यंत, आणि रेंजफाइंडर (अंतर मोजणारं यंत्र) चालत नाही. त्यामुळे खालचा हिशेब तोंडपाठ असलेला बरा. २०२३ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाल्यापासून हे धनुष्य म्हणजे काय, हे मराठी घरांत वेगळं सांगावं लागत नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, कोलोराडोत धनुष्य खेचायला लागणारं वजन (ड्रॉ वेट) किमान ३५ पौंड लागतं आणि धनुष्यावर बॅटरीवर चालणारी साइट (नेम धरायचं साधन) लावता येत नाही. त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचल्याशिवाय साइट विकत घेऊ नका. उजळणारी पिन (साइटमधला नेमाचा ठिपका) घेऊन पस्तावलेले लोक कमी नाहीत.

आधी सपाटीवरचे आकडे पक्के करा

उतारावरचं सगळं गणित सपाटीवरच्या आकड्यांवर उभं असतं. ते डळमळीत असतील तर पुढचं सगळं फुकट.

लेखभर एकच उदाहरण धरू या: ४५० ग्रेनचा, म्हणजे साधारण २९ ग्रॅमचा बाण, सेकंदाला २७० फूट वेगाने सुटणारा. शिकारीच्या धनुष्यासाठी हा मधला मार्ग आहे. हा बाण ज्या दिशेने निघतो तिच्यापासून २० यार्डांवर सुमारे १० इंच, ३० वर २२, ४० वर ४० आणि ५० यार्डांवर ६३ इंच खाली आलेला असतो. साइटच्या पिना हीच घट भरून काढतात. तुमचा बाण वेगळा असेल तर आकडेही वेगळे असतील. दुकानातल्या क्रोनोग्राफवर तीन बाण मारून वेग पाहून घ्या. खोक्यावर छापलेला वेग हलक्या बाणाने आणि लांब ड्रॉने (दोरी मागे खेचण्याच्या अंतराने) काढलेला असतो, त्यावर विसंबू नका.

पिना बसवताना प्रत्येक अंतरावर किमान बारा बाण मारा आणि गटाच्या मध्यावर पिन आणा. एका चांगल्या बाणावर पिन हलवणं ही नवख्यांची ठरलेली चूक.

उतार कापतो किती

समजूत अशी असते की चढावर मारताना बाण कमी पडेल, म्हणून जरा वर धरावं. नेमकं उलट होतं. वर मारा किंवा खाली मारा, सपाटीच्या पिनेने सोडलेला बाण दोन्ही वेळा वरच लागतो.

कारण साधं आहे. गुरुत्व बाणाला सरळ खाली, जमिनीच्या दिशेने ओढतं. तुमची नजर तिरकी असली की त्या ओढीचा काही भाग नजरेच्या रेषेवरूनच जातो. रेषेपासून बाजूला खेचणारा भाग तेवढा कमी उरतो. टोकाचं उदाहरण मनात आणा: डोक्यावर अगदी सरळ उभा सोडलेला बाण (प्रत्यक्षात कधीच सोडू नका) रेषेच्या बाजूला पडतच नाही, त्याच रेषेवर परततो. सपाटीवर घट पूर्ण, सरळ वर शून्य. मधले सगळे कोन या दोघांच्या मध्ये.

म्हणून नजरेच्या रेषेवरचं अंतर घ्यायचं, त्याला कोनाच्या कोसाइनने गुणायचं आणि येईल त्या अंतराची पिन वापरायची. तो गुणक असा:

१५ अंश: ०.९७
२० अंश: ०.९४
२५ अंश: ०.९१
३० अंश: ०.८७
३५ अंश: ०.८२
४० अंश: ०.७७
४५ अंश: ०.७१

टार्गेट ४० यार्डांवर आणि उतार ३० अंशांचा असेल तर ४० गुणिले ०.८७, म्हणजे सुमारे ३५ यार्ड. ३५ चाच नेम धरायचा. चाळीसची पिन ठेवून मारलात तर आपल्या उदाहरणातला बाण सव्वापाच-साडेपाच इंच वर जाईल. तीच चूक २० यार्डांवर जेमतेम सव्वा इंचाची, ३० वर तीन इंचांची आणि ५० वर सव्वाआठ-साडेआठ इंचांची. जवळ उतार फारसा जाणवत नाही, लांब गेल्यावर एकदम अंगावर येतो, तो असा.

कोन डोळ्याने ओळखायला जाल तर हमखास फसाल, कारण माणसाला उतार नेहमी असतो त्याहून तीव्र वाटतो. घरातला जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो, हे माप लक्षात ठेवा. गाडीला पहिला गिअर टाकायला लावणारा घाटातला रस्ता पाच अंशांपलीकडे क्वचितच जातो. डोंगराच्या कुशीत उभं राहिल्यावर समोरचं जनावर ‘पंचेचाळीसवर आहे’ असं वाटलं, तर ते बहुधा पंचविसावर असतं. मोबाइलमधल्या कोनमापकाने आठ-दहा दिवस येता-जाता उतार मोजा, डोळा बसतो.

आजचे बहुतेक शिकारीचे रेंजफाइंडर हा हिशेब स्वतः करून ‘मारायचं अंतर’ दाखवतात. तरीही तीन ठिकाणी गोंधळ होतो. एक, कोनाची सोय बंद असते. हंगामाआधी मेनूत जाऊन ती चालू आहे ना, हे बघा. दोन, काही यंत्रं आधी सरळ रेषेचं अंतर दाखवतात आणि मग सुधारलेलं. घाईत पहिलाच आकडा वाचला जातो. तीन, यंत्राने कापलेलं अंतर माणूस पुन्हा मनात कापतो. हा शेवटचा प्रकार हुशार लोकांकडून जास्त होतो.

एक बारकावा आणखी. चढावर जाणारा बाण वाटेत थोडा मंदावतो आणि उतारावरचा वेग जरा जास्त टिकवतो. त्यामुळे ३० अंशांवर, ४० यार्डांना, वरच्या सूत्राने काढलेल्या नेमापेक्षा चढावरचा बाण साधारण इंचभर खाली आणि उतारावरचा इंचभर वर लागतो. नवख्याने याची फार चिंता करू नये. चढावर कापताना हात जरा आखडता आणि उतारावर जरा सैल ठेवला की झालं.

झाडावरच्या मचाणाबद्दल फार बोललं जातं, पण तिथे हिशेबाचा भाग लहान आहे. बैठक २० फुटांवर आणि हरीण बुंध्यापासून २० यार्डांवर असेल तर नजरेची रेष सुमारे एकवीस यार्डांची होते आणि चूक अर्ध्या इंचाची. बसल्या बसल्या आजूबाजूच्या झाडांच्या खोडांवर डोळ्यांच्या उंचीला रेंजफाइंडर मारून ठेवा. ती अंतरं आपोआप आडवी येतात, कोसाइनचा प्रश्नच उरत नाही.

खरी गडबड कंबरेत होते

आकडा बरोबर काढूनही बाण चुकतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा शरीराचा असतो. सपाटीवर खांदे आणि धड यांचा इंग्रजी टी अक्षर होतो. खाली मारायचं म्हटलं की माणूस कमरेतून वाकायच्या ऐवजी फक्त धनुष्याचा हात खाली नेतो. टी मोडला की ड्रॉ लेंथ बदलते, कॅमच्या (धनुष्याच्या टोकांवरच्या चाकांच्या) भिंतीवरचा, म्हणजे खेच जिथे थांबते तिथला, दाब सुटतो, दोरी नाकाच्या शेंड्यावरून गालाकडे सरकते आणि पीपमधून (दोरीत बसवलेल्या छोट्या भोकातून) साइटचं कडं मधोमध दिसेनासं होतं. मग मान वेडीवाकडी करून माणूस ते कडं शोधतो. या एका हालचालीत कोसाइनच्या सगळ्या इंचांहून मोठी चूक तयार होते.

योग्य क्रम असा:

१. पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवा. उतारावर खाली मारताना मागचा पाय वरच्या जमिनीवर असतो, तो गुडघा वाकवा. चढावर मारताना पुढचा गुडघा वाकवा. दोन्ही वेळा हेतू एकच: कंबर शक्य तितकी आडवी यावी.

२. धनुष्य समोर, सपाटीच्या उंचीला धरूनच पूर्ण खेचा. अँकर (खेचलेला हात जबड्याशी टेकायची ठरलेली जागा) बसवा, नाक दोरीला लावा, पीपच्या वर्तुळात साइटचं वर्तुळ नीट बसलंय ना ते पाहा.

३. आता वरचं शरीर एकसंध ठेवून कमरेतून वाका. खाली मारताना नितंब टार्गेटपासून मागे ढकला. वर मारताना कंबर टार्गेटच्या दिशेने पुढे जाते आणि छाती मागे झुकते.

४. पिन ठिकाणावर आल्यावर पीप पुन्हा पाहा. वर्तुळं एकात एक नसतील तर मान हलवू नका; कंबर अजून वाकायची बाकी आहे.

५. पाणसळीचा बुडबुडा मध्ये आणा आणि मगच बोट रिलीजवर (दोरी सोडणाऱ्या खटक्यावर) न्या.

चढ जास्त असेल आणि कंबर साथ देत नसेल तर गुडघ्यावर बसून मारणं सोपं पडतं. मात्र खालचा कॅम मांडीला, दगडाला किंवा मचाणाच्या कठड्याला लागणार नाही, हे खेचण्याआधी बघा. कॅम आपटला तर बाण कुठेही जातो आणि दोरी निसटू शकते. जाड जॅकेटची बाही दोरीच्या वाटेत येते ती बहुधा अशाच वाकलेल्या अवस्थेत. पुढच्या हाताला पट्टा बांधून बाही दाबून टाका.

पाणसळ आणि तिसरा अक्ष

साइटच्या कड्याखाली हिरव्या नळीत जो बुडबुडा असतो, ती धनुष्याची पाणसळ. गवंड्याच्या हातातली आणि ही एकाच कामाची. धनुष्य उभ्या रेषेतून तिरकं झालं की बाण त्या बाजूला जातो. चाळीस यार्डांवर ३ अंश कललं तर साधारण दोन इंच. तिरप्या डोंगरावर उभं असताना डोळा समोरच्या उताराची कडाच आडवी रेघ मानतो आणि धनुष्य नकळत तिच्याशी काटकोनात येतं. धरणाऱ्याला ते अगदी सरळ वाटत असतं, म्हणूनच बुडबुडा न पाहता मारू नये.

पण बुडबुडाही खोटं बोलू शकतो. साइटचं डोकं बाणाच्या दिशेला काटकोनात नसेल, म्हणजे दारासारखं थोडं उघडलेलं किंवा मिटलेलं असेल, तर सपाटीवर काहीच कळत नाही. धनुष्य वर किंवा खाली झुकवलं की बुडबुडा सरकतो. तो मध्ये आणण्यासाठी तुम्ही चांगलं उभं धनुष्य वाकडं करता. या जुळणीला तिसरा अक्ष म्हणतात. डोकं ४ अंश फिरलेलं असेल आणि उतार ३० अंशांचा असेल तर धनुष्य सुमारे २ अंश कलतं: ४० यार्डांवर दीड इंच, ६० वर तीन इंचांच्या वर. चढावर एका बाजूला, उतारावर दुसऱ्या.

तपासायला एक ओळंबा आणि धनुष्य पकडणारा व्हाइस लागतो. ओळंबा आढ्याला टांगा. धनुष्य व्हाइसमध्ये घट्ट धरून मागून एक डोळा मिटून बघा: दोरी ओळंब्याच्या सुतावर तंतोतंत यायला हवी, वरपासून खालपर्यंत. आता बुडबुडा मध्ये आहे का? नसेल तर दुसऱ्या अक्षाचा, म्हणजे पाणसळ डावी-उजवीकडे कलवणारा, स्क्रू सैल करून आणा. मग धनुष्य ३०-४० अंश खाली झुकवा, दोरी पुन्हा सुताशी जुळवा. इथे बुडबुडा हळूहळू एका रेघेकडे रांगताना दिसेल. तिसऱ्या अक्षाचा स्क्रू सैल करून डोकं केसभर फिरवा, तो परत मध्ये येतो. शेवटी धनुष्य तेवढंच वर झुकवून बघा. वर आणि खाली बुडबुडा विरुद्ध बाजूंना जात असेल तर दोष तिसऱ्या अक्षाचा, दोन्ही वेळा एकाच बाजूला जात असेल तर दुसऱ्याचा. सगळ्या साइटींना तिसऱ्या अक्षाची सोय नसते. डोंगरात जायचं असेल तर ती असलेलीच घ्या. पाच पिनांची झगमगीत पण ही सोय नसलेली साइट सपाट शेतावर ठीक.

वारा बाणाला कसा नेतो

वारा दोघांना ढकलतो, तुम्हाला आणि बाणाला. ४० यार्डांच्या आत पहिला धक्का दुसऱ्याहून महाग पडतो: पिन डुगडुगते, माणूस घाई करतो आणि ती मधोमध आली रे आली की रिलीजवर बोट आपटतो.

बाणाच्या बाबतीत वाऱ्याने नुसतं बाजूला लोटलं, एवढंच होत नाही. मागच्या व्हेनना (पिसांच्या जागी लावलेल्या पात्यांना) वारा लागतो, शेपूट वाऱ्यासोबत जाते आणि टोक वाऱ्याकडे वळतं. आता हवेचा अडथळा बाणाच्या अंगाच्या दिशेने, म्हणजे मागे आणि थोडा वारा जातो त्या बाजूला ओढतो. म्हणून बाण जितका वेग गमावतो तितका तो वाहतो. आपला ४५० ग्रेनचा बाण ताशी १० मैलांच्या थेट आडव्या वाऱ्यात ४० यार्डांवर साधारण दोन इंच सरकतो. वारा दुप्पट झाला तर सरकणं दुप्पट, पण अंतर दुप्पट झालं तर जवळपास चौपट. हे ढोबळ आकडे आहेत. स्वतःच्या बाणाचे स्वतः काढा, कसे ते पुढे येतं.

वारा तिरका असेल तर घड्याळ धरा. टार्गेट बारावर. तीन किंवा नऊवरून येणारा वारा पूर्ण मोजायचा, दीड वाजताचा सत्तर टक्के, एक वाजताचा निम्मा. बारा आणि सहाचा सोडून द्या, या अंतरांवर तो बाण फारसा हलवत नाही.

वेग ओळखायला झाडं पुरतात. चेहऱ्याला झुळूक लागते आणि पानं सळसळतात: ताशी ४ ते ७ मैल. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात: ८ ते १२. धूळ उडते, लहान फांद्या डोलतात: १३ ते १८. लहान झाडंच झुलू लागली की १९ ते २४, आणि अशा वेळी नवख्याने धनुष्य खांद्यावरून काढूच नये.

वारा कुठला पाहायचा? बहुतेक जण टार्गेटजवळचं गवत बघतात. खरं तर सुटल्यासुटल्या मिळालेली बाजूची ढकल बाण शेवटपर्यंत वाहून नेतो, म्हणून तुमच्या जवळच्या पहिल्या एक तृतीयांश अंतरातला वारा सर्वांत भारी. अवघड प्रसंग वेगळाच असतो: तुम्ही झाडीच्या आडोशाला, टार्गेट समोरच्या उतारावर आणि मध्ये घळ. तुमच्या अंगाला वारा लागत नाही, टार्गेटजवळचं गवत शांत, आणि घळीतून नदीसारखा वारा वाहतोय. दुर्बिणीचा फोकस मध्यावर आणून तिथली पानं बघितल्याशिवाय हे कळत नाही.

डोंगरातल्या वाऱ्याला वेळापत्रकही असतं. रात्री आणि पहाटे गार हवा घळीतून खाली उतरते. ऊन चढलं की उतार तापतो आणि हवा वर चढू लागते. सूर्य कलला की पुन्हा खाली. मधल्या बदलाच्या तासाभरात ती कुठूनही येते, तुमचा वास जनावरापर्यंत पोचतो तोही तेव्हाच. धनुष्याच्या वरच्या लिंबला (वाकणाऱ्या बाहूला) टीचभर लोकरीचा धागा बांधून ठेवा. फुकटचं यंत्र आहे, आवाज करत नाही, बॅटरी लागत नाही.

आणि एक गोष्ट अनुभवी लोकही विसरतात. उतारावर घट मोजताना कापलेलं अंतर घ्यायचं, पण वारा मोजताना नाही. बाण हवेतून पूर्ण ४० यार्ड जातो आणि वारा त्याला पूर्ण ४० यार्ड लागतो. तेव्हा पिन ३५ ची, वाऱ्याची सूट मात्र ४० ची.

वाऱ्यासाठी सामान

पहिली, बिनखर्चाची दुरुस्ती: धनुष्याला लावलेला भाता काढून जमिनीवर ठेवा. त्यातल्या पाच बाणांच्या व्हेन मिळून चांगलं शीड होतं.

बाण बारीक आणि जरा जड घ्या. बारीक नळीला वारा कमी लागतो, जड बाण वेग कमी गमावतो. पण ५५० ग्रेनच्या पुढे गेलात तर घट इतकी वाढते की अंतर मोजण्यातली दोन यार्डांची चूकसुद्धा महागात पडते. सुरुवातीला ४३० ते ५०० ग्रेन पुरे. व्हेन बुटक्या, तीन इंचांच्या आतल्या, थोडा पीळ देऊन चिकटवलेल्या.

बाणाचा तोल पुढे असावा, १० ते १५ टक्के. काढायचा असा: नॉकच्या (बाणाच्या दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून नळीच्या टोकापर्यंत लांबी मोजा, समजा २८ इंच. पातं लावलेला बाण सुरीच्या पाठीवर तोलून बघा, नॉकपासून १७.४ इंचांवर तोलला. १७.४ वजा निम्मी लांबी १४, उरले ३.४; भागिले २८, म्हणजे सुमारे १२ टक्के. ठीक.

ब्रॉडहेडवर (शिकारीच्या बाणाच्या धारदार पात्यांच्या टोकावर) सगळं अडतं. स्थिर पात्यांचं मोठं ब्रॉडहेड म्हणजे बाणाच्या नाकावर बसवलेले पंखच. वाऱ्यात ते मागच्या व्हेनशी भांडतं. तुलनेने लहान पात्यांचं घ्या आणि फील्ड पॉइंटबरोबर (सरावाच्या साध्या टोकाबरोबर) एकाच जागी लागेपर्यंत जुळवा. ३० यार्डांवर दोन्हींचे तीन-तीन बाण मारा. ब्रॉडहेडचा गट डावीकडे असेल तर अॅरो रेस्ट (बाण टेकतो तो आधार) उजवीकडे सरकवा, एका वेळी पाऊण मिलिमीटरहून जास्त नाही. म्हणजे ब्रॉडहेडना फील्ड पॉइंटच्या दिशेने न्यायचं. ही जुळणी न करता पिना हलवून काम भागवणाऱ्यांना पहिल्याच जोराच्या झोताला उत्तर मिळतं.

सराव

जागा निवडताना टार्गेटच्या मागे मातीचा उभा बांध हवा. टेकडीच्या माथ्यावर टार्गेट ठेवून खालून वर कधीही मारू नका. चुकलेला बाण पलीकडे कुठे उतरेल ते दिसत नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त कंबर. १५ यार्डांवरून, पाच-सहा पायऱ्यांवर उभं राहून खाली आणि मग खालून वर. अंतर इतकं कमी की पिनेचा प्रश्न नाही. बाण डावी-उजवीकडे जात असेल तर दोष तुमच्या उभं राहण्याचा किंवा पाणसळीचा.

नंतर ३० यार्ड, खऱ्या उतारावर. तीन बाण सपाटीवर, तीन चढावर, तीन उतारावर, असे रोज तीन फेरे. वहीत कोन, यंत्राने दिलेलं अंतर, वापरलेली पिन आणि गटाचा मध्य लिहा. आठ दिवसांत तुमची स्वतःची सारणी तयार होते. ती चिकटपट्टीवर बारीक अक्षरात लिहून रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या दांड्याच्या) आतल्या बाजूला लावा.

वाऱ्याच्या दिवसाची वाट बघा आणि तो आला की घरी बसू नका. हातातलं वाऱ्याचं मीटर असलेला एक सोबती घ्या. ४० यार्डांवर सहा बाण, नेम मधोमध, वाऱ्याला काहीही सूट न देता. गटाचा मध्य किती सरकला ते फुटपट्टीने मोजा, शेजारी वाऱ्याचा वेग आणि घड्याळाची दिशा लिहा. असे दहा-बारा गट जमले की तुमच्या बाणाचा आकडा हाती येतो.

वाऱ्यात पिन स्थिर होणार नाही, हे मान्य करून टाका. ती नेमाच्या भोवती फिरू द्या आणि पाठीचा ताण सावकाश वाढवत राहा. झोत आला की थांबा. झोताच्या मागोमाग दोन-तीन सेकंदांची उसंत मिळते, तेवढी खिडकी पुरते. पूर्ण खेचून सहा-आठ सेकंदांत सुटला नाही तर उतरवा: बोट ट्रिगरच्या मागे, टोक टार्गेटकडेच, दोरी हळू परत. सरावात दर पाच बाणांमागे एकदा मुद्दाम उतरवा. ज्याला उतरवायची सवय नाही, तो जनावरासमोर कधीच उतरवत नाही.

जनावर समोर असताना

उतारावर बाण कुठे शिरतो त्यापेक्षा कुठून बाहेर पडेल, याचा विचार करा. वरून मारलेला बाण उंच शिरतो आणि पलीकडे खाली निघतो. सपाटीवरच्या नेहमीच्या जागेवर नेम धरला तर एकच फुप्फुस लागतं आणि जखमी जनावर मैलभर जातं. छातीच्या मधोमध एक चेंडू आहे असं समजून रेष त्यातून जाईल, असा नेम घ्या. मचाणाखाली अगदी पायाशी आलेल्या हरणावर बाण सोडू नका. ते चार पावलं पुढे जाईपर्यंत थांबा.

मध्ये फांदी असेल तर पिनांचाच उपयोग करा. ४० ची पिन टार्गेटवर ठेवली की २० ची पिन जिथे दिसते, बाण २० यार्डांवर तिथूनच जाणार. तिथे २० यार्डांवर फांदी असेल तर बाण तिला लागणार, नजर मोकळी असली तरी.

अंतराची मर्यादा आधी ठरवून जा. हरणाच्या छातीची मर्मजागा साधारण आठ इंची ताटलीएवढी असते. शांत हवेत, सपाटीवर, दमलेल्या अवस्थेत दहाही बाण त्या ताटलीत बसतात ते तुमचं अंतर. तीव्र उतार असेल तर त्यातून एक चतुर्थांश वजा, सतत वारा असेल तर एक तृतीयांश, दोन्ही असतील तर निम्मं. वाऱ्याला सूट देताना पिन अंगाच्या बाहेर जात असेल तर तो बाण भात्यातच राहू द्या.

खेचण्याआधीचा क्रम रोज एकाच शब्दांत मनात म्हणा: अंतर, वारा, पाय, कंबर, पीप, बुडबुडा. चढून आल्यावर धाप लागलेली असते, श्वास जागेवर यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात रेंजफाइंडरने जनावराच्या आसपासचा एखादा दगड, एखादं झाड मोजून ठेवा. ते पुढे सरकलं की पुन्हा यंत्र काढायला हात मोकळा नसतो.